रीडिंग

बारा वर्षं मी या कॉलनीत लाइटचं मीटर वाचलं.
आज पुन्हा आलो, हातात दुसरं मीटर घेऊन.
रस्ता तोच. फक्त सायकल नाही.
आत नेली तर बाहेर काढता येणार नाही, म्हणाले गेटवर.
चार तास. वर एक मिनिट नाही.

ए-टाइपला आधी जायचो, साहेबलोक निघायच्या आत.
ए-सात, दोन एसी. बिल पाहून साहेब
माझ्याकडेच बघायचे, जसा मीच रात्री येऊन गारव्यात झोपून जातो.
त्यांच्या पोर्चमध्ये फरशी फोडून पळस आला आहे, कमरेएवढा.
यंत्र टिकटिकतं. मी आकडा लिहितो.
तेव्हाही आकडाच लिहायचो.
माणसं मला अशीच माहीत होती:
बी-एकवीसला बाळ झालं, चाळीस युनिट वाढले.
सी-नऊची म्हातारी गेली, बारा कमी झाले.
कुणाला बोललो नाही. पण ठाऊक होतं.

क्लबच्या भिंतीवर नाटकाचं पोस्टर आहे,
मंडईच्या रात्रीचं. वाळवीनं खाल्लं,
नायिकेचा एक डोळा उरला आणि तारीख.
दुसरा अंक सुरू व्हायचा होता, तेव्हा भोंगा झाला.
लोक हसले. वाटलं, नाटकातलाच आहे.
पेटीवाला तिमाजी तर त्या भोंग्याचा सूर शोधत होता,
काळी पाच की पांढरी सहा.
मग बसेस आल्या.
खुर्च्या अजून स्टेजकडे तोंड करून.
एकीवर लहानसं स्वेटर, बाह्या आत दुमडलेल्या.

बोडीत मरळ माजली आहे, मांडीएवढी.
नऊ वर्षांत जाळं पडलं नाही पाण्यात.
माझा बाप ढिवर. त्याला हे सांगितलं
तर रात्रभर झोपणार नाही.
नाही सांगणार.

डी-तेहेतीस. कौतिका उईके, दवाखान्यातली नर्स.
ही एकटीच पाणी विचारायची.
दाराला कुलूप, दारावर खडूनं:
"मांजर मागच्या खोलीत. संध्याकाळपर्यंत येते."
छपराखाली आहे म्हणून अक्षर टिकलं.
मागच्या खोलीकडे मी गेलो नाही.
तिचं जुनं मीटर, चकतीवालं. काच पुसली.
चार हजार चारशे सात.
दिवाळीआधी मी लिहून गेलो होतो, चार हजार तीनशे एक्क्याण्णव.
सोळा युनिट.
त्याचं बिल कुणी पाठवलं नाही.
दार बंद असलं की आम्ही सरासरी लावायचो,
मागच्या तीन महिन्यांची बेरीज, भागिले तीन.
या दाराला काय लावू?

तार आमच्या बांधीतून जाते.
नकाशावर कुणीतरी कंपास फिरवला,
पेन्सिल आमच्या धुऱ्यावर आली.
धुऱ्याच्या अलीकडचं धान आत, पलीकडचं बाहेर.
चिचटोल्याला बस आली नाही. जीप आली,
माइकवर सांगून गेली: दारं-खिडक्या लावून बसा.
फुलनकाकू जीपमागं धावली,
"खिडकी कोनती लावू बाप्पा, कुडाच्या भिंतीले?"

एकशे बारा घरं. फॉर्म भरला, सही केली.
तारेपाशी यंत्र बंद करायचं, असा नियम आहे.
उद्या तालुक्याला जमा करायचं.
मी बंद करायला विसरलो.
म्हणजे, विसरलो असं लिहीन.

धुरा ओलांडला. बांधीत लाखोळी फुलली आहे, निळी.
टिकटिक थांबली नाही.
विहीर. शाळेचा नळ. फुलनकाकूचं अंगण,
तिथं तर जरा जोरातच.

बाप उंबऱ्यावर जाळं शिवत बसला आहे.
"कायचा आवाज येते बे तो?"
मी फॉर्म उलटा केला.
एकशे तेराव्या घराला त्यात ओळ नाही,
म्हणून मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं:
दार उघडं.
माणूस घरात.
मीटर चालू.