पोकळ सवत

पंखा लाव, पण तासाभराचीच चावी दे.
बंद खोलीत रात्रभर पंखा चालला
तर माणूस सकाळी उठत नाही.
हसतोस काय? माझी आई म्हणायची.
नव्वदीला गेली ती, पंख्याविना.

तुम्हा सोलवाल्यांना भिंतीतून गारवा लागतो.
इथे दामयांगला खिडकी उघडली की
खाचरातले बेडूक तेवढे आत येतात, आवाजाने,
आणि रात्री अकरालासुद्धा
ओसरीच्या फळ्या तव्यासारख्या.

सदरा काढ. हो, पन्नाशी आली तरी काढ.
हात टेक जमिनीला, ओणवा हो,
विहिरीचं पाणी ओतते पाठीवर.
ओरडलास ना?
तुझा बाप असाच ओरडायचा,
पलीकडच्या घरात दिवा लागायचा.

आता कलिंगड खा. बिया अंगणात थुंक.
चादर मी कांजी करून ठेवलीय,
कडक आहे, अंगाला चिकटणार नाही.
उशी नको घेऊस कापसाची,
ती लाकडाची घे. मान दुखेल, डोकं थंड राहील.

पण ग्योंगह्वान, त्या खिळ्याकडे बघू नकोस.
ती द्यायची नाही.
ती तुझ्या बापाची.
बापाची ती बायको, म्हणजे तुला आईच्या जागी,
मुलानं तिला मिठी मारायची नसते.
रिवाज आहे. मी नाही केला.

बांबूची पोकळ गुंडाळी, उभ्या पोराएवढी,
विणीतून बोट आरपार जाईल अशी.
लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात
बाजारातून खांद्यावर घालून आणली त्यानं,
गावभर मिरवत.
विणणाऱ्यानं एकेक कामटी
तासून, धगीवर धरून, घासून
अशी केली होती की
तिच्या कुशीत कूस म्हणून नव्हती.

मग काय.
जून ते ऑगस्ट, एक हात तिच्या गळ्यात,
एक पाय तिच्यावर, आणि घोरणं.
माझ्या वाट्याला पाठ.
‘तू तापतेस,’ म्हणायचा.
तापायचेच मी.

एकदा तिला गोठ्यात टाकून आले.
रात्रभर हा या कुशीवरून त्या कुशीवर.
अवाक्षर नाही काढलं.
पहाटे मीच उठून आणली तिला आत,
शेण पुसून.

थंडी पडली की ती आढ्याला
आणि हा माझ्या अंगाला.
‘गेली का माहेरी?’ मी विचारायची.
तो पायाचे गार तळवे
माझ्या पोटऱ्यांना लावायचा, उत्तर म्हणून.

तो गेला तेव्हा लोक म्हणाले,
तिलाही जाळायची असते त्याच्यामागे.
काडीपेटी हातात दिली माझ्या.
मी म्हटलं, ओली आहे, पेटणार नाही.
ऑगस्टात. तीन आठवडे पाऊस नव्हता.

…झोपलास?

पंखा थांबला. पाती अजून जराशी फिरतायत,
सवयीनं.
तुझ्या पाठीवर घाम नाही. बरं झालं.

मला मात्र डोळा नाही.
चादर पायाशी, केस मानेला चिकटलेले,
आणि खिळ्यावरची ती, चांदण्यात, जाळीदार.
सुनेसाठी नियम आहे, मुलासाठी आहे.
सवतीनं काय करायचं
ते कुणी सांगितलेलं नाही.

काढली.
केवढी हलकी! मला वाटायचं जड असेल.
हिच्या पोटात काहीच नाही,
इकडून वारा येतो, तिकडून जातो,
मध्ये थांबतसुद्धा नाही.
याच्यावर मी एकतीस उन्हाळे जळले.

त्याचा गुडघा टेकायचा तिथे
बांबू मधासारखा काळवंडलाय.
माझा पाय तिथवर पोचत नाही, मी बुटकी.
थोडी खाली सरकले.

सरक गं जराशी तूही.
गार आहेस.