हातांचा वास

मातोझिन्युशला, समुद्रापासून दोन गल्ल्या आत,
वृद्धाश्रमाचा दुसरा मजला, खोली चौदा.
देओलिंदाबाई रोज सकाळी मला विचारायच्या,
"आज काय आहे गं? तोंडं का बांधलीत सगळ्यांनी?"
साथ आहे, मी सांगायचे.
"अगं बाई! कधीपासून?"
आजपासून.
त्यांच्यापुरती ती रोज आजपासूनच असायची.

एकतीस वर्षं त्यांनी डब्यांत तारल्या भरल्या.
डोकं, शेपटी, डोकं, शेपटी.
बोटं अजून भरतच होती,
चादरीच्या काठावर, बशीतल्या बिस्किटांवर,
माझ्या हातमोज्यांच्या खोक्यावर.
दोन मीटर अंतर कसं समजावणार त्यांना?
अंगाला अंग लागलं नाही तर डबा भरत नाही.

मुलगा, झेफेरिनो, खिडकीखाली उभा राहायचा
फोन कानाला लावून.
"तो बघ, एकटाच बडबडतोय बिचारा.
घरी कुणी नाही वाटतं त्याला."
आणि हात करायच्या, परक्याला करावा तसा,
पण दोन्ही हातांनी.

एप्रिलमधल्या एका मंगळवारी
त्यांनी तळवे नाकाशी नेले आणि घाबरल्या.
"वास गेला. माझ्या हातांचा वास कुणी नेला?"
कारखान्याला टाळं लागून वीस वर्षं झालेली.
साबणाने गेला असेल, मी म्हटलं,
आणि वहीत लिहिलं :
ताप नाही. खोकला नाही. नाश्ता अर्धा.
आज गोंधळ जास्त.

शनिवारपर्यंत नऊ पलंग तापले.

मग दारं बाहेरून लावायचा हुकूम आला.
पहाटे पाचला त्या आतून दार ठोकायच्या,
"भोंगा झाला! मुकादम अर्धा रोज कापेल!"
मी बाहेर, दाराला खांदा लावून.
हे वहीत नाही.

एकदा ताप एकोणचाळीसवर असताना
डोळे उघडून माझ्याकडे, म्हणजे चष्म्याकडे, पाहिलं.
"आज काय आहे?"
साथ आहे.
"कधीपासून?"
जिभेवर रोजचं उत्तर तयार होतं.
मंगळवारपासून, मी म्हटलं.
तुम्हीच सांगितलंत, बाई. मी ऐकलं नाही.

"हो का?" म्हणाल्या, जरा खूश होऊन,
आणि माझी रबरातली बोटं
आपल्या बोटांशेजारी
एक-एक करून
नीट लावू लागल्या.