केसभर फट

सायकल स्टँडला टांगली. उलटी नाही.
हायड्रॉलिक ब्रेकची सायकल उलटी करू नये,
तेलातली हवा भलत्या जागी जाऊन बसते,
हे मी इन्याशिओला ओरडून सांगितलं.
ओरडूनच सांगावं लागतं.
चाळीस वर्षं त्यानं एइबारच्या कारखान्यात
बंदुकीच्या नळ्यांना कानस मारली,
आणि कान त्याच्याआधी निवृत्त झाले.

म्हणाला, सायकल जड झालीय.
नातीची आहे, ती बिल्बाओला गेली, मला देऊन गेली.
आर्रातेच्या चढावर, मधमाश्यांच्या पेट्यांकडे जाताना
मागून कोणीतरी धरून ठेवतंय.
मी मागचं चाक फिरवलं.
शिक्...
शिक्...
फेऱ्याला एकदा, चुकता न चुकता.
"किती दिवस वाजतंय?"
"वाजतंय?" त्यानं विचारलं.

कॅलिपरचे दोन बोल्ट ढिले केले,
ब्रेक आवळून धरला,
एकदा हा, एकदा तो,
पाव पाव वळसा देत पुन्हा कसले.
दहातल्या सात सायकली एवढ्यावर घरी जातात.
ही गेली नाही.

चाक काढलं, पॅड काढले.
आत दोन पिस्टन: एक हाक मारताच पुढे,
दुसरा पाहुण्यासारखा बसून.
कामसू पिस्टनला प्लास्टिकच्या पट्टीनं अडवलं,
आळशाला दोन मिलिमीटर बाहेर बोलावलं,
काडीच्या कापसानं त्याची मान पुसली,
ब्रेकच्याच तेलाचं बोट फिरवलं,
मागे सारलं. पुन्हा बोलावलं. पुन्हा सारलं.

पिस्टनला मागे ओढणारी स्प्रिंग वगैरे
काही नसते तिथं.
चौकोनी रबराची एक कडी असते.
ब्रेक दाबला की पिस्टनसोबत जराशी मुरडते,
सोडला की आपल्या जागी येते
आणि येताना त्याला घेऊन येते.
एवढंच. सगळ्या उताराचा भरवसा
एका रबराच्या परत येण्यावर.
हे मी त्याला सांगितलं नाही.
इतकं ओरडून सांगायची गोष्ट नाही ही.

सगळं जोडलं. खाली पांढरा कागद धरला,
एक डोळा मिटून पाहिलं:
डिस्कच्या दोन्ही बाजूंना उजेडाची रेघ,
केसभर इकडे, केसभर तिकडे.
फिरवलं.
शिक्.

तेव्हा तो स्टुलावरून उठला, हात पुढे करत.
"डिस्कला नाही!" मी किंचाळले,
बोटाचा चिकटपणा पॅडला लागला की ब्रेक गेलाच.
शब्द नाही, पण माझा चेहरा ऐकू गेला त्याला.
त्यानं रुमालाला बोटं पुसली,
दोन बोटं कॅलिपरच्या पाठीवर ठेवली,
कपाळ बघायला ठेवतात तशी,
आणि मानेनं खुणावलं: फिरव.
हळू. अजून हळू.
"इथं."
मी चाक थांबवलं. समोरच्या आऱ्याला चिकटपट्टी लावली.
ती जागा मी दिव्याखाली दोनदा पाहिली होती,
दोनदा सरळ म्हणून सोडली होती.

खाचेची किल्ली लावून किंचित वाकवली.
"अजून," तो म्हणाला. डोळे मिटलेले.
अजून म्हणजे किती?
त्यानं उत्तर दिलं नाही. कारखान्यातही
कोणी कोणाला दिलं नसेल.
मी श्वासाइतका जोर लावला.
"बास."

चाक फिरत राहिलं, बराच वेळ.
मी कान लावून उभी. तो आधीच कोट घालत होता.
बारा युरो म्हणून मी बोटांनी दाखवले,
त्यानं पंधरा ठेवले, आणि उरलेले घेईना.

दुपारी नर्स गुराचेची सायकल आली, तीच तक्रार.
दुकानात कोणी नव्हतं.
मी बोटं पुसली, डोळे मिटले,
कॅलिपरवर ठेवली, हळूच चाक फिरवलं.
बोटांना माझीच नाडी लागत होती,
ठक् ठक्, बाकी काही नाही.
थोडा वेळ तशीच बसले.
मग दिवा जवळ ओढला.