तिसरी पायरी

मरोळ गावठाणात, आमच्या गल्लीच्या तोंडाशी
एक क्रूस आहे, चुना लावून पांढरा केलेला.
त्याला तीन पायऱ्या होत्या, असं इनासकाका सांगायचे.
मी लहानपणी मोजल्या तेव्हा दोन होत्या.
आता एकच, तीही अर्धी.

लोक म्हणतात, क्रूस खचतोय.
खचत नाही. मी ओळंबा लावून पाहिलाय;
चौतीस वर्षं बांधकामावर काढलीत,
एवढं कळतं मला.
रस्ताच वर येतो,
दर मे महिन्यात डांबराचा एक थर,
बोटभर, कधी दोन बोटं.

काका गेल्यावर दिव्याचं काम माझ्याकडे आलं.
भक्ती म्हणून नव्हे.
माझं दार सगळ्यांत जवळ, म्हणून.

पहिली दोन वर्षं मी फार बोललो.
योहानची नोकरी, माझा मुतखडा,
आणि भिंत चार बोटं माझ्या अंगणात सरकवणारा हिलरी.
तेल घालता घालता सगळी बिलं पुढे ठेवायचो.
अर्धं बोलणं विमानांनी नेलं.
सहारला उतरणारी, इतकी खाली
की चाकं मोजता येतात.
मी थांबायचो. विमान जायचं.
पुढचं वाक्य आठवायचं नाही.

मग एक उपवासकाळ असा आला
की पहिलं वाक्यही येईना.
जपमाळेचे मणी बोटांखालून जात होते
आणि मी पाण्याच्या टँकरचा विचार करत होतो.
फादर व्हॅलेरियनना सांगितलं, आत सगळं सुकलंय.
ते म्हणाले, दिवा लावतोस?
लावतो.
मग लाव.
एवढंच. एवढ्यासाठी मी चालत देवळात गेलो होतो.
घरी येताना रागाने रस्ताभर पुटपुटलो,
आणि त्या संध्याकाळी काडी
तीनदा विझली.

पुढच्या वर्षी पालिकेने जलवाहिनीसाठी खणलं.
सकाळी अकराला हणमंतने हाक मारली,
काका, खाली दगड लागलाय, घडीव.

मी चरात उतरलो.
काळा पाषाण, छिन्नीचे घाव अजून कोवळे.
दुसरी पायरी. तिच्याखाली तिसरी,
सांध्यांत पिवळं पडलेलं मेण,
आणि मधोमध दोन खळगे,
वाटीएवढे, गुळगुळीत.
गाठीच्या तापाच्या वर्षी उभा केला होता म्हणे हा क्रूस,
घराघरांतून पेट्या निघत होत्या तेव्हा.
गुडघ्यांनी दगड झिजायला किती दिवस लागतात
याचा अंदाज मला बांधता आला नाही,
आणि अंदाज बांधणं हाच माझा धंदा होता.

कुणी बघत नाहीसं पाहून मी टेकलो.
माझे गुडघे त्यांत बसले नाहीत.
लहान चणीच्या बाईचे असावेत ते खळगे.
मी काही मागितलं नाही.
वरून विमान गेलं,
आणि या वेळी माझं काहीच तुटलं नाही.

हणमंत दुसऱ्या पायरीवर बसून भाकरी खात होता.
म्हणाला, उद्या बुजवणार हे.
बुजव, म्हटलं.

त्या आठवड्यात मी हिलरीकडे गेलो.
भिंतीचं राहू दे, म्हणालो.
शब्द बाहेर आले ते मातीने माखलेले,
जीभ जड करून.
तो टीव्हीवरून नजर न काढता म्हणाला,
कुठली भिंत?
मला हसू आलं. नंतर, गल्लीत, थोडं रडूही.

हल्ली संध्याकाळी मी फारसं बोलत नाही.
एक 'नमो मरिये', तेही कधी अर्धं.
पाय ठेवतो तिथे डांबर आहे,
त्याखाली खडी, खडीखाली ते दोन खळगे,
आणि त्यांच्याखाली काय
ते कुणी खणलेलं नाही.

मे महिन्यात पुन्हा रोलर येईल.
मुकादमाला सांगून ठेवलंय,
क्रूसाजवळ जरा सावकाश.
थांबव नाही म्हटलं.
येऊ दे रस्ता वर.
दिवा ठेवायला बोटभर जास्त वाकावं लागेल,
गुडघा कुरकुरेल.
तेल मात्र आजच आणायला हवं.