दोन टाक, भूपाल

हरिपूरच्या रस्त्याला, जुन्या पेवांच्या पलीकडच्या मैदानात
मी एकोणीस वर्षं स्कोअर लिहितोय.
धावा निळ्या शाईत, विकेट लाल,
वाऱ्यासाठी वहीवर अर्धी वीट.
खरं तर पाटुकले मास्तरांना कावीळ झाली,
तेव्हा एका मॅचपुरता बसलो होतो.

तर तो रविवार.
मिरजेची जोडी जमली होती.
एक कनवाडकर, रेल्वेतला, डावरा,
दुसरा पोरसवदा, त्याचं नाव
मी दोनदा विचारून दोनदा चुकीचं लिहिलं.
चौदाव्या ओव्हरपासून सव्विसाव्यापर्यंत
लाल पेनचं टोपण निघालं नाही.

अस्लम मुजावर रात्रपाळीचं वेल्डिंग करून आलेला,
त्याचे डोळे चेंडूएवढेच लाल.
धनपालचा ऑफस्पिन वळायचं नाव घेईना.
खोतनं चेंडू पँटीला पुसला,
एकेकाकडं बघितलं,
अवचित पाहुणे आले की
फडताळातल्या डब्यांवर हात फिरतो तसं,
आणि फाइन लेगला हाक घातली :
"भूपाल! ये लगा. दोन टाक."

भूपाल मगदूम. मार्केट यार्डात मापाडी.
आठवडाभर काट्यावर हळदीची पोती,
हाताच्या रेषांत पिवळं, साबणाला न जुमानणारं.
बॅटिंगला सहावा. कॅच सोडत नाही.
बोलिंग म्हणाल तर... कुणी म्हटलं तर.
नेटमध्ये त्याच्या हातात चेंडू येतो
तो उसातून शोधून दुसऱ्याला द्यायला.

रनअप असा नाहीच. चार पावलं चालतो,
वजन वाचायला काट्याजवळ जावं तसा,
आणि हात कुठूनतरी येतो.
पहिलाच फुलटॉस.
चौकार, थेट एका पडक्या पेवात.
चेंडू काढायला पोरं उतरली, पाच मिनिटं गेली.
कनवाडकर हसत उभा.
मी चार लिहिले. हसण्याला रकाना नाही.

दुसरा आखूड. तिसऱ्याचा टप्पा
अंपायरलाही सांगता आला नसता.
चेंडू यायच्या आधीच बॅट फिरून मोकळी,
दोन्ही वेळा.
चौथ्या चेंडूआधी कनवाडकरनं पिच ठोकलं,
वाकून बघितलं,
जणू तिथं काही लिहिलंय.
"मर्दा, ह्यो टाकतोय तरी काय?"
पलीकडचा पोरगा खांदे उडवून गप्प.
इतका वेळ अस्लमचा वेग ज्याच्या अंगात भिनला होता
तो माणूस आता एका मापाड्याची वाट बघत होता,
आणि वाट बघायची सवय त्याला नव्हती.

मधली ओव्हर धनपालची, मग पुन्हा भूपाल.
तिकडं सीमारेषेवर अस्लम
बूट काढून बसलेला,
केळं खाल्लं, डोक्यावर पाणी ओतलं,
मोजा उलटा करून पुन्हा चढवला.

तिसाव्या ओव्हरचा पहिला चेंडू अस्लमचा.
कनवाडकर अजून भूपालच्याच घड्याळात.
बॅट अर्ध्या वाटेवर, आणि मधला स्टंप
कीपरच्या पायाशी.
कनवाडकर, त्रिफळा मुजावर, एकसष्ट.
लाल पेन वाळलं होतं, दोनदा झटकावं लागलं.

पुढं काय झालं ते वहीत आहे.
अस्लमला स्टीलचा डबा मिळाला, त्यात त्यानं
तिथल्या तिथं सगळ्यांना भडंग कालवलं.

अंधार पडता पडता भूपाल टेबलाशी आला,
सगळे येतात तसा.
आपल्या नावावर बोट ठेवलं :
दोन, शून्य, अकरा, शून्य.
"अकराच व्हय? मला वाटलं पंधरा तरी गेले."
मी म्हणालो, थांब जरा, तुला एक...
पण काय सांगायचं ते मलाच जुळेना.
"जातो. उद्या सौदे लौकर हायत."
सायकलचा स्टँड खटकन वर.

बोट होतं तिथं कागदावर
घामानं सुटलेला एक फिकट पिवळा डाग,
शेवटच्या शून्याच्या जरा पुढं,
जिथं रेघा संपतात.
खोडरबर माझ्या खिशातच होतं.