ओली फरशी

नाव डेसमंडनं ठेवलं.
मासळीच्या कारखान्यातली पिवळी पाटी त्यानं उचलून आणली
आणि ड्रमला टेकवून उभी केली :
सावधान, फरशी ओली आहे.
झालं. बँडचं बारसं उरकलं.

ग्रिम्सबी, एकोणऐंशीचा नोव्हेंबर.
गोदीत बोटी नुसत्या उभ्या,
दोरखंडांना शेवाळ धरलेलं.
मी दिवसभर हॅडॉक चिरायचे, रात्री बेस वाजवायचे.
बोटं दोन्हीकडे तीच.
कापलेल्या जागी चिकटपट्टी, त्यामुळे सूर जरा बोबडा यायचा.
पुढे कुणीतरी छापलं,
ग्लेनिसचा बेस जाणूनबुजून कोंडलेला आहे.
कोंडलेला कसला,
पट्टी होती, चार पेन्सची.

स्टुडिओ परवडणारा नव्हता.
हेरिंग धुरवायचं एक बंद पडलेलं कोठार मिळालं,
तीन रात्री, वीस पौंड.
आत साठ वर्षांचं डांबर भिंतींवर,
हात लावला की हात आपला राहत नाही.
तिथे आवाज परत येत नसे.
टाळी वाजवली तर तळव्यातच विझायची.
फर्गस, टेपवाला, म्हणाला :
खोलीला असं सुतक लागलेलं मी ऐकलं नाही कधी.
आणि खुशीत शीळ घालत माइक लावू लागला.

रॉडीची गिटार म्हणजे
कुणीतरी बंद दुकानाचं शटर नाण्यानं खरवडतंय.
मध्येच थांबतो, वाट बघतो,
आतून कुणी येत नाही,
पुन्हा खरवडतो.
डेसमंड झांजांना हात लावत नव्हता.
झांजा त्यानं विकल्या होत्या, भाडं थकलं होतं.
(त्याचंही नंतर तत्त्वज्ञान झालं.)

आणि पॉलीन.
पॉलीन गात नव्हती.
चौथ्या ट्रॅकवर ती भंगारात गेलेल्या बोटींची नावं वाचते, एका पट्टीत,
बाईंनी वर्गात हजेरी घ्यावी तशी,
आणि प्रत्येक नावानंतर
चार ठोक्यांची रिकामी जागा,
जिथे कुणीच 'हजर' म्हणत नाही.

तिसऱ्या रात्री डेसमंडचे वडील आले.
विल्फ. हातात चहाचा थर्मास, डोक्यावर लोकरी टोपी.
मुलाशी वर्षभर बोलत नव्हते,
ढोल बडवणं हे काम नव्हे म्हणून.
काम तर त्यांच्याकडेही नव्हतं.
दारापाशी उभे राहिले, टोपी काढून,
कुणाच्या तरी घरी मयतीला आल्यासारखे.
टेप फिरत होती.
पॉलीननं सातवं नाव घेतलं : एल्फ्रीडा.
अकरा वर्षं त्यांनी तिच्यावर जाळी ओढली होती.
एक, दोन,
आणि तिसऱ्या ठोक्यावर ते खोकले.

एवढंच.
नीट कान दिलात तर पुढे ऐकू येतं,
ढोल अर्ध्या मात्रेनं अडखळतो,
मग धावत येऊन आम्हाला गाठतो.
फर्गस म्हणाला, पुन्हा घेऊ.
डेसमंडनं काठ्या उचलल्या
आणि पुढच्या गाण्याचे आकडे मोजायला लागला.
चहा गार झाला, तरी सगळ्यांनी प्यायला.

पाचशे प्रती.
वेष्टणं आम्ही रॉडीच्या आईच्या स्वयंपाकघरात चिकटवली,
पिठाच्या खळीनं. हातांना मासळी होतीच.
आता म्हणे हौशी लोक नाकाला लावून
अस्सल प्रत ओळखतात.

गेल्या महिन्यात लीड्सहून एक मुलगा आला,
शर्टाची वरपर्यंत लावलेली बटणं,
आमच्याहून आमच्यासारखा.
विचारतो, तो खोकला,
ती अनुपस्थितीला दिलेली मानवी हुंकाराची जोड,
ते ठरवून केलं होतं का?
विल्फ जाऊन तीस वर्षं झाली.
डेसमंड न्यूझीलंडला असतो, नाताळला कार्ड येतं.
मी म्हटलं, हो. ठरवून.
त्यानं वहीत टिपून घेतलं.

मग म्हणाला, ती पिवळी पाटी कुणाकडे असेल?
माझ्याकडेच आहे.
फरशी पुसली की
न्हाणीघराच्या दारात लावते.