केशरी देठ

साधं रोप साठ रुपये, संकरित अडीचशे.
केळूसच्या नर्सरीत मी पावत्या फाडतो
आणि मधल्या एकशे नव्वदांचा हिशेब
दिवसातून दहादा तोंडी देतो.
पावतीवर त्याला जागा नाही.

गोपिका गिरप आली ती पिशवीत दोन नारळ घेऊन.
"अडीचशे? नारळच मां तो?
ह्यो बघ, माझ्या परड्यातलो. तुमच्याच रोपाचो माड,
वर्साक दीडशे धरता. ह्योच पुरूक काय झाला?"

मी खिडकीतून बोट दाखवलं.
इनास शिडीवर होता,
ठेंगू माडाच्या नुकत्या फुटलेल्या पोयीतली
नरफुलं खुडत,
तांदळातले खडे वेचावेत तशी, एकही न विसरता.
बोंड्या तेवढ्या राखायच्या.
मग पिशवी, सुतळी, तारखेची चिठ्ठी.
बाप वाडीच्या दुसऱ्या टोकाला: बाणवली, पन्नास फूट.
त्याचा पराग उतरवायलाही इनासच चढतो.
आम्ही तो सुकवतो, चाळतो, टाल्कम पावडरीत मिसळतो
(हो, तीच, बाळांना लावतात ती)
आणि बोंडी ओलावते ते चार दिवस
रोज सकाळी एक फुंकर.
रविवारीसुद्धा. चर्चची घंटा त्याला वरच ऐकू येते.

मग वर्षभर वाट.
काही गळतात, काही उंदीर पोखरतात.
उरलेले वाफ्यात. कोंब वर आला
की मी आणि माळीण वत्सू उकिडवे बसून देठ बघतो:
हिरवट तपकिरी म्हणजे बापाचं पोचलं,
केशरी म्हणजे आईने घरच्या घरी उरकून घेतलं.
केशरी उपटायचं. शंभरात वीस, कधी तीस.
उपटलेल्यांचा खर्च
उरलेल्यांच्या डोक्यावर.

"आणि माझो नारळ?"

तुझा माड पहिली पिढी, बाई.
त्याच्यात आईबाप निम्मे-निम्मे, म्हणून सगळी भावंडं एका मापाची.
पण त्याच्या नारळात ते दोघे
पत्ते पुन्हा पिसायला बसतात.
शिवाय वाऱ्यावर शेजाऱ्यांचंही येतं.
कोणाच्या हाती कुठलं पान, मी कसं सांगू?

"म्हंजे माझ्या चारय पोरांसारख्या," ती म्हणाली.
"तेंका खंय परत देऊचे?"
नारळ पिशवीत टाकले आणि गेली.
मी पावतीपुस्तक मिटलं.

सात वर्षं.
इनासचा गुडघा गेला. त्याच्या जागी जे आले
ते दोन पावसाळे टिकले नाहीत; एक गोव्याला, एक रिक्षावर.
माड उभे, पोयी फुटतात, फुलं खुडायला हात नाही.
रोप आता चारशे वीस.
गिऱ्हाईक विचारतं, मी "मजुरी" म्हणतो,
ते समजल्यासारखं करतं.

गोपिकेचा धाकटा, सुहास, शिपेचा पाडेली झालाय कळलं,
म्हणून तिच्या परड्यात गेलो.
पाच माड ओळीने, एकाच झाडाची संतती:
एक नुसता उंच, अजून पोय नाही.
एक सुपारीएवढी फळं धरून टाकून देतो.
एक भुंग्याने खाल्ला.
एक थेट आईवर गेलेला, बऱ्यापैकी.
आणि विहिरीकडेला पाचवा:
देठ केशरी, झावळ्यांच्या शिरा केशरी, पेंडी केशरी,
संध्याकाळ त्याच्यातच अडकलेली.

कोयतीने तोंड उडवून तिने शहाळं पुढे केलं.
पाणी इतकं गोड की मी बोललोच नाही.
"ह्यो तुमी उपटून टाकलो असतास," ती म्हणाली.
मी मान हलवली.
असतं तसंच, उपटला असता. वत्सूने नाही तर मी.

सुहास सोमवारपासून येतो म्हणाला.
पायरीवर बसून मी पुस्तक उघडलं,
कारण तिला मेलेल्याच्या जागी दोन हवी होती, संकरितच.
"एक तरी भरवशाचा नको?"
संकरित, नग दोन, आठशे चाळीस.
कार्बन नीट बसवून फाडली.
तिने पावती लांब धरून वाचली, उलटी करून पाहिली.

"ह्यात माझ्या झिलाचो पगार धरलंस मां?"